मशीनच्या दारातला नारळ

कंपनीचं नाव इंग्रजी होतं, लांबलचक, आणि देवगाव फाट्यापासून आत असलेल्या त्या गावात ते कुणाच्याच जिभेवर धड बसत नव्हतं. म्हणून सगळे नुसतं 'कंपनी' म्हणत. सरजाबाईचा सूर्यभान कंपनीत हाय. काय करतो? कंप्युटर बसवतो, बिघडला तर दुरुस्त करतो. आता कंप्युटर हा काय प्रकार असतो, हे फाट्यावरच्या चहावाल्यापासून सरपंचापर्यंत एकानंही पाहिलेलं नव्हतं, पण पाहिलं नाही म्हणून माणूस मत द्यायचा राहतो थोडाच. कुणी म्हणे तो टीव्हीच, पण शिकलेला. कुणी म्हणे ते एक मशीन आलं की ऑफिसभर कारकून घरी बसणार. खुद्द सरजाबाईला विचारलं तर ती म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, पण माझ्या पोराला तिथं खुर्चीवर बसवतेत. हे मात्र तिनं लेकाला खोदून खोदून विचारून घेतलेलं होतं.

ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन जुना झाला होता आणि नाव काही लागलेलं नव्हतं. ठराव झाला त्या पावसाळ्यात सरजाबाईचं घर जळालं होतं. कुणी जाळलं ते तिला माहीत होतं, जाळणाऱ्यांनाही माहीत होतं, आणि त्यातले निम्मे आजही रस्त्यात भेटले की "कसं काय, सरजाबाई?" म्हणून विचारायचे. तिचा नवरा लिंबाजी पाटबंधारे खात्यात चौकीदार होता. दोघांनी परभणीला सोयऱ्याच्या घरी काही महिने काढले आणि परत येऊन त्याच जागेवर, त्याच जोत्यावर घर उभं केलं. पुढं लिंबाजी वारला. सूर्यभान शिकून पुण्याला कंपनीत लागला. सरजाबाई त्या घरात एकटी राहिली आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. चूल पेटवताना काडी कुठं लागली ते तिला दिसायचं नाही, हातानं चाचपून बघायची.

सूर्यभाननं तिला पुण्याला चल म्हणून किती विनवलं. तिचं एकच उत्तर, "ह्ये घर म्या दोनदा बांधलंय." यापुढं बोलणं संपायचं.

म्हणून परभणीला कंपनीचं नवीन ऑफिस उघडणार आणि त्याचा इन्चार्ज नेमायचा आहे, हे कळलं तेव्हा सूर्यभानला रात्रभर झोप लागली नाही. इन्चार्ज झाला तर तो जिल्ह्यातच राहणार होता. मोटारसायकल घ्यायची, आठवड्यातनं तीन-चारदा घरी मुक्कामाला यायचं, आईचे डोळे करायचे. मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलंही होतं, की जिंतूर रोडच्या कपिलेश्वर सूतगिरणीचं मशीन नीट बसव, चेअरमननं काम पसंत आहे म्हणून सांगितलं की परभणी तुझीच. एवढं एक काम मध्ये होतं. बाकी सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं होतं.

आता कंपनीविषयी दोन शब्द सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सूर्यभानचा कंपनीवर जीव होता. हसायचं तर हसा, पण होता. पुण्याच्या त्या ऑफिसात काचेची दारं, आत थंडगार हवा, सगळ्यांच्या गळ्यात सारखाच टाय. कँटीनमध्ये जो पुढं येईल तो पुढं बसायचा. जन्मात पहिल्यांदा त्याला अशी माणसं भेटली, ज्यांनी "कुठले तुम्ही? कुणापैकी?" असं विचारलं नाही. ते विचारायचे कुठलं मशीन येतं, कोणत्या बॅचचा. पहिले काही महिने तर तो वाट बघायचा, की आज विचारतील, उद्या विचारतील. कुणी विचारलंच नाही. मग हळूहळू त्यानं वाट बघायचं सोडलं, आणि पाठीवरचं ओझं उतरवल्यावर जसं चालताना अंग हलकं लागतं तसं त्याचं झालं.

त्यातही त्याला सगळ्यात आवडायचं ते कंपनीचं नियमांचं पुस्तक. विटेएवढं जाड. मशीनची खोली कशी असावी, किती थंड असावी, आत कुणी जावं, काय नेऊ नये. चप्पल-बूट बाहेर, धूळ नको, पाणी नको, धूर नको. इतर इंजिनिअर त्या पुस्तकाला उशाला घ्यायचं पुस्तक म्हणायचे. सूर्यभाननं ते पाठ केलं होतं. त्याचा बाप लिंबाजी पाटबंधाऱ्याच्या चौकीवर आयुष्यभर बसून एक गोष्ट शिकला होता आणि लेकाला सांगून गेला होता, की लिहिलेला कायदा आपला आणि तोंडी कायदा त्यांचा. पाण्याची पाळी कागदावर असली की लिंबाजीला पाटलाच्या शेताकडं जाणाऱ्या पाण्याचंही दार बंद करता यायचं. कागद नसला की पाटील म्हणेल ती पाळी. त्यामुळं सूर्यभानला ते जाड पुस्तक हातात घेतलं की बरं वाटायचं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, आणि म्हणून त्याला ते आपलं वाटायचं.

पुण्याला त्याच्या खोलीत दुसरा इंजिनिअर होता बन्सीधर. हा जिंतूरकडचा, कुणब्याचा, घरी कापसाचं चांगलं रान. दोघं एकाच बॅचचे. बन्सीधरच्या घरून ठेचा आला की सूर्यभानच्या भाकरीवर, आणि सरजाबाईनं तिळाची चटणी पाठवली की बन्सीधर बोटं चाटायचा. बन्सीधरला सूर्यभानचं सगळं माहीत होतं, पण त्यानं त्याचा कधी उच्चार केला नाही. सूर्यभानला वाटायचं, हे त्याचं मोठेपण. तेव्हा तरी वाटायचं.

तर सूतगिरणी. चेअरमन दिनकरराव, वजनदार माणूस, धोतर-कोट, आवाजात दम. पहिल्या दिवशी चहा आला आणि चहाबरोबर प्रश्नही आला. "इंजिनिअर साहेब, तुमी कुठले म्हनायचे?" देवगाव फाट्याकडचा, सूर्यभान म्हणाला. "आसं का. कुणाचे?" पाटबंधाऱ्यातल्या लिंबाजीचा, त्यानं सांगितलं. लपवायचं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि लपवून लपतं कुठं? आपल्याकडं गावाचं नाव आणि बापाचं नाव कळलं की माणसाला सात पिढ्या कळतात. दिनकररावांनी मान हलवली, बशीतला चहा संपवला आणि तिथून पुढं बोलण्यातला 'साहेब' गेला, 'तुमी' मात्र राहिलं. सूर्यभाननं ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याला मशीन बसवायचं होतं.

मशीनची खोली गिरणीच्या ऑफिसात काचेची भिंत घालून केली होती. नवी फरशी, दोन एअरकंडिशनर, दारात चप्पल काढायची जागा. आता गंमत बघा. पायताण बाहेर, आत गारवा, मंद उजेड, आणि सगळ्यांना आत सोडायचं नाही. आपल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. गिरणीतले फिटर-जॉबर काचेतनं आत बघून हात जोडून जायचे. एक म्हातारा हमाल तर रोज कामावर जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा. आणि या गाभाऱ्यात कोण जाईल, कोण नाही, हे ठरवायला होता लिंबाजीचा पोरगा. हे सूर्यभानच्या मनात आलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं, त्याला गालात हसू आलं, आणि तो परत वायरी जोडायला लागला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. गिरणीचे डायरेक्टर जमले, मांडव पडला, पेढे आले. दिनकररावांच्या पत्नी सुलाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. निरांजन, उदबत्तीचा पुडा, हळद-कुंकू, पाण्याचा तांब्या, नारळ. बरोबर भटजी. सगळे तडक मशीनच्या खोलीकडं निघाले.

सूर्यभाननं याआधी तीन-चार ठिकाणी मशीनं बसवली होती, आणि प्रत्येक ठिकाणी पूजा झाली होती. प्रत्येक ठिकाणी त्यानं हेच सांगितलं होतं, की धुरानं आणि पाण्यानं आतली डिस्क खराब होते, पूजा दारात करा, नारळ उंबऱ्यावर फोडा. लोक हसून बरं म्हणायचे. सोलापूरकडं एका ठिकाणी तर भटजीच म्हणाले होते, उंबऱ्याची पूजा म्हणजे घराचीच पूजा. इथंही तो तेच म्हणाला. पण गर्दी पुढं सरकत होती, सुलाबाईंचा पाय आत पडणार होता, म्हणून बोलता बोलता त्यानं दारात हात आडवा केला.

ही त्याची चूक. नियम सांगणं ही चूक नव्हती, तो हात ही चूक होती. पुण्यात आडवा हात म्हणजे नुसता आडवा हात. पण ज्या मुलखात कुणाच्या देवळाच्या दारात कुणासाठी हात आडवा होतो हे शेंबडं पोरही सांगतं, ज्या साली वेशीवेशीत विद्यापीठाच्या नावावरनं टाळकी तापलेली, त्या साली लिंबाजीच्या पोरानं चेअरमनच्या बायकोपुढं, पूजेच्या ताटापुढं, चार डायरेक्टरांच्या देखत हात आडवा केला. तो पुण्यात राहून आपला मुलूख विसरला होता, दुसरं काय.

सुलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही, हे आधी सांगून टाकतो. "बरं झालं बाई सांगितलं, उगं बिघडायचं," असं म्हणून त्या उंबऱ्यापाशी बसल्या, कुंकू वाहिलं, नारळ फुटला, पेढे वाटले. पण भटजी पुटपुटले आणि एक डायरेक्टर दुसऱ्याच्या कानाला लागला. दिनकररावांनी पेढा हातात घेतला तो तसाच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानला गिरणीत पुण्याहून मॅनेजरसाहेबांचा फोन आला. साहेब चांगल्या आवाजात बोलले. कामाचं कौतुक केलं. मग म्हणाले, की तू दमला असशील, दोन-चार दिवस आराम कर, पुढचं बघायला मी बन्सीधरला पाठवतोय. सूर्यभाननं विचारलं, काही तक्रार आहे का? तक्रार अशी नाही, पण कस्टमर जरा नाराज आहे. नियम बरोबरच आहे, पण नियम वापरायला तारतम्य लागतं. सूर्यभाननं विचारलं, तक्रार लेखी आली आहे का?

"अरे, असलं कुणी लेखी देतं का," साहेब म्हणाले.

सूर्यभान रिसीव्हर धरून उभा राहिला. तोंडी. लिंबाजीचा पोरगा कंपनीत जाऊन, टाय घालून, त्या जाड पुस्तकाची पारायणं करून परत पाटलाच्या पाळीवर येऊन पोचला होता. त्याला रागापेक्षा लाजच जास्त वाटली, आणि आपल्याला लाज का वाटावी याचा राग आला.

बन्सीधर एसटीनं आला. त्याला कारण सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही. दिनकररावांनी नवा मुहूर्त काढला. मशीन आतून शुद्ध करून घ्यायचं म्हणे, नीट पूजा व्हायची राहिली होती. या वेळी ताट आत गेलं. उदबत्ती आत, निरांजन आत, पडद्याच्या काचेवर कुंकवाचं बोट, वर झेंडूची माळ. बन्सीधर बाजूला हात बांधून उभा होता. सूर्यभान बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून काचेतनं बघत होता. दिनकररावांनी बन्सीधरच्या हातून बटण दाबून घेतलं.

मशीन सुरू झालं. काही झालं नाही. डिस्क फिरली, पडद्यावर अक्षरं आली, प्रिंटरनं खर्रर्र करून कागद बाहेर टाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंद पडावं अशी सूर्यभानच्या मनानं एक क्षण वाट बघितली होती. आपणच बसवलेलं मशीन, आणि ते बंद पडावं म्हणून आपणच बसलोय, हे लक्षात आल्यावर तो बाकावरून उठून नळाकडं तोंड धुवायला गेला. कंपनीत माणसाचं असंच असतं, हे त्याला त्या नळापाशी कळलं. मशीनमधली सर्किटची एक पाटी काढतात, तसलीच दुसरी घालतात. मशीनला फरक पडत नाही, आणि पडू नये म्हणून तर सगळं सारखं केलेलं असतं. सारखेपणा त्याला आवडायचा तो हाच.

संध्याकाळी दोघं स्टँडसमोर चहाला बसले. बन्सीधर कपाकडं बघत म्हणाला, मी आलो नसतो तर दुसरा कुणी आला असता. खरंच होतं ते. त्यात खोटं काढायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच ते सूर्यभानला लागलं. मग बन्सीधरनं साहेबांचा निरोप सांगितला. साहेब गुरुवारी स्वतः येणार आहेत. सूर्यभाननं दिनकररावांसमोर दोन शब्द माफीचे बोलायचे, त्यांनी हं म्हणायचं, की विषय संपला. परभणीचं ऑफिस सूर्यभानलाच. नाहीतर साहेबांना दुसरा विचार करावा लागेल. दुसरा म्हणजे कोण, हे बन्सीधरनं सांगितलं नाही, आणि सूर्यभाननं विचारलं नाही. दोन शब्दांनी काय जातंय, एवढं मात्र बन्सीधर दोनदा म्हणाला.

सूर्यभान घरी आला. दिवेलागण होत होती. सरजाबाई अंगणात ज्वारी निवडत होती, म्हणजे हातानं चाचपून खडे काढत होती. त्यानं सगळं सांगितलं. हात आडवा केला ते, फोनचं, बन्सीधरचं, गुरुवारचं. ती ऐकत राहिली आणि मध्ये एकदाच विचारलं, त्ये म्हनतेत तसं केलं तर परभणीचं हापीस मिळंल का? मिळंल, तो म्हणाला. मी इथंच राहीन. तुझे डोळे करून घेऊ.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मग माग माफी. माझी काई ना न्हाई. लय मोठ्या मोठ्यांनी मागितल्यात. पन कशाची मागनार, तेवढं मला सांगून जा."

सूर्यभान सांगायला गेला. सुलाबाईंना त्रास झाला, याची. पण त्यांना तर झाला नव्हता. पूजा मोडली, याची. पण पूजा तर झाली होती, नारळही फुटला होता. नियम सांगितला, याची. पण नियम कंपनीचा. एकेक उत्तर तो जिभेवर घ्यायचा आणि ते तिथंच विरायचं. शेवटी तो म्हणाला, बघू, गुरुवारी त्यांनाच विचारतो. सरजाबाईनं सूप परत ओढून घेतलं.

गुरुवारी दिनकररावांच्या केबिनमध्ये चौघं बसले. मॅनेजरसाहेब, दिनकरराव, बन्सीधर आणि सूर्यभान. खुर्ची दिली, चहा दिला, वागणुकीत खोट काढायला जागा नव्हती. साहेबांनी सुरुवात केली, की गैरसमज होतात, तरुण माणूस आहे, कंपनीच्या दृष्टीनं गिरणी म्हणजे घरच, सूर्यभानला काही बोलायचंय. आणि सूर्यभानकडं बघून मान हलवली.

"मी माफी मागायलाच आलोय," सूर्यभान म्हणाला. "फक्त कशाची, ते मला कळलेलं नाही. दिनकरराव, तुम्ही सांगा. तुम्ही जे शब्द सांगाल ते मी जसेच्या तसे म्हणतो. एकही कमी करत नाही."

साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, शब्दांत कशाला शिरायचं. सूर्यभान म्हणाला, साहेब, माफी शब्दांतच मागतात. मग तो बन्सीधरकडं वळला. म्हणाला, तू त्या मशीनला हात लावलास, तू सांग, माझं काय चुकलं? दोघांनी एका ताटात भाकरी मोडली होती, एका चादरीत पुण्याची थंडी काढली होती. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावरची झाकणी बन्सीधरनं सरळ केली.

आता दिनकररावांचं एक मानायला पाहिजे. माणूस आतल्या गाठीचा नव्हता. असल्या गुळमुळीत बोलण्याचा त्यांनाच वीट आला. त्यांनी हात टेबलावर ठेवले.

"खरं सांगू का? नियम तुमचा बराबर व्हता. मशीन तुमी बसवलं, चांगलं बसवलं. ह्या बन्सीधररावांनी दारात आडवलं आसतं, तर आमी हसून दारातच पूजा केली आसती. पन तुमी आडवायचं न्हवतं. चार मानसांत, हात आडवा करून, तुमी न्हाई."

ते रागानं बोलले नाहीत. उलट, अवघडलेल्या माणसाला वाट करून दिल्यासारखे बोलले. बोलून झाल्यावर त्यांनाही हलकं वाटलं असावं, त्यांनी चहाचा कप उचलला.

सूर्यभाननं आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे काय केलं याची माफी नाही. कोण आहे याची आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. "ते मी केलेलं नाही, दिनकरराव. जे केलंच नाही, त्याची माफी कशी मागू?"

सूर्यभान उठला, दोघांना नमस्कार केला आणि बाहेर आला.

मॅनेजरसाहेब मागोमाग गाडीपाशी आले. त्यांनी सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस होता तो, खोटं कशाला बोलू. त्याच्या बायकोनं एकदा सूर्यभानला दिवाळीला जेवायला बोलावलं होतं. साहेब म्हणाले, की तू हे मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या कंपनीत असलं काही बघत नाहीत, हे तुला माहीत आहे. तुझं काम उत्तम आहे. तुला रायपूरला पाठवतो, बढतीवर. परभणीचं तात्पुरतं बन्सीधर बघेल.

"साहेब, आत्ता आत दिनकरराव जे बोलले, ते तुम्ही ऐकलंत ना?" सूर्यभाननं विचारलं.

साहेबांनी गाडीचं दार उघडलं.

"मी काही ऐकलं नाही, सूर्यभान," ते म्हणाले. "आणि तूही ऐकलं नाहीस. त्यातच तुझं भलं आहे."

गाडी गेली. रायपूरची बढती म्हणजे पगार जास्त, घर कंपनीचं. सुंठीवाचून खोकला गेला, असं साहेबांना वाटलं असणार, आणि त्यात त्यांना सूर्यभानचं वाईटही करायचं नव्हतं. तेच तर अवघड होतं. वाईट करणारा माणूस समोर असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. सूर्यभान गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. त्याला कळत होतं, की इतकी वर्षं कंपनीत आपल्याला कुणी 'कुणापैकी?' म्हणून विचारलं नाही ते त्यांना फरक पडत नव्हता म्हणून नाही. फरक पडला तर काय करायचं, हे त्यांना ठरवायचं नव्हतं म्हणून. पडल्याबरोबर त्यांनी ठरवलं, तेही रायपूर एवढं लांब. तो रडला नाही. देवगाव फाट्याची एसटी आली आणि तो चढला.

घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. सरजाबाईनं पावलावरून ओळखलं आणि विचारलं, काय झालं? त्यानं दिनकररावांचं बोलणं तिला शब्दाला शब्द सांगितलं. ती मान डोलवत राहिली.

"खरं बोलला त्यो," ती म्हणाली. "आपलं घर जाळलं तवा बी कुनी तोंडावर बोललं न्हवतं. ह्यो बोलला."

मग सूर्यभाननं साहेबांचं सांगितलं, रायपूरचं सांगितलं, आणि बन्सीधरचंही. परभणी गेली म्हणाला. मग तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, माय, आता तूच चल. कंपनीचं घर आहे, मोठं आहे, नळ आहे, दवाखाना जवळ आहे. इथं तुझं कोण आहे? डोळ्यांनी दिसत नाही, उद्या चुलीपाशी पदर पेटला तर कोण येईल विझवायला? त्यानं तिचे दोन्ही हात धरले होते, आणि लहानपणी जत्रेत पाळण्यात बसण्यासाठी धरायचा तसा हट्ट त्याच्या आवाजात आला होता. नोकरी गेली नव्हती, इज्जतही गेली नव्हती. त्याला फक्त आईजवळ राहायचं होतं, आणि तेवढंच राहिलं नव्हतं.

सरजाबाईनं हात सोडवून घेतले नाहीत. त्याच्या तोंडाकडं तिनं बघितलं, म्हणजे जिथं तोंड असावं असं तिला वाटलं तिथं.

"डोळे करून दे, मंग तू जा," ती म्हणाली. "मी हितंच. तू बी गेलास, मी बी गेले, तर त्यांना तरी दुसरं काय पायजे व्हतं?"